नाश्ता करतेस का?

सकाळचे पावणेदहा. बाणेरच्या ऑफिसची लिफ्ट. शेजारी उभी असलेली कलीग विचारते, ‘‘नाश्ता झाला?’’ मी म्हणते, ‘‘हो, मस्त!’’

माझा मस्त नाश्ता म्हणजे काय, तर सिग्नलला थांबल्यावर पर्समधून काढून तोंडात टाकलेली दोन मारी बिस्किटं. वर गेल्यावर मशीनची कॉफी. पण लिफ्टमध्ये कोण एवढं सांगत बसणार? तुम्हीही नाही सांगत. खरं सांगा, गेल्या आठवड्यात किती दिवस ताटलीत वाढून घेऊन, बसून नाश्ता केलात? आणि कोणी विचारल्यावर किती वेळा ‘हो’ म्हणालात?

ही चौकशी मी उगाच करत नाहीये. लोकांना प्रश्न विचारणं हाच माझा धंदा आहे. मी मार्केट रिसर्चमध्ये काम करते. शॅम्पू कोणता आवडतो, बिस्किटाचा पुडा किती दिवसांत संपतो, नवीन पॅकिंग ‘यूथफुल’ वाटतं का, असल्या प्रश्नांच्या प्रश्नावल्या बनवायच्या, लोकांकडून भरून घ्यायच्या आणि मग एक्सेलमध्ये डोकं खुपसून बसायचं. दहा वर्षं हेच करतेय. त्यामुळे प्रश्न विचारण्यातला आपला हात कोणी धरणार नाही, असा माझा पक्का समज होता. तो समज सातवीतल्या एका मुलीनं भाकरी थापता थापता उतरवला.

झालं असं, की एका सामाजिक संस्थेला जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या काही शाळांमध्ये सकाळचा खाऊ सुरू करायचा होता. केळं, राजगिऱ्याची चिक्की, उकडलेलं अंडं असं काहीतरी. पैसे मोजकेच. त्यामुळे जिथली मुलं खरोखर उपाशीपोटी येतात, त्याच शाळा निवडायच्या होत्या. मग आधी सर्व्हे हवा आणि सर्व्हेसाठी प्रश्नावली हवी. ‘‘तू मूळची तिकडचीच ना? मग तूच कर,’’ असं मैत्रीण म्हणाली. मीही शनिवार-रविवारची हौस म्हणून हो म्हणून टाकलं.

हो, मी तिकडचीच. आंबेगाव तालुका. आमच्या तालुक्याची एक गंमत आहे. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून आणि मोठी बाजारपेठ आहे मंचरला. नाव एकीकडे आणि गाव भलतीकडे! ही गंमत मी लहानपणापासून पाहुण्यांना सांगत आलेय. आपल्या प्रश्नावलीचंही असंच होऊ शकतं, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

मुलांच्या नाश्त्यावर प्रश्नावली बनवणं हे वाटतं तितकं किरकोळ काम नाही. जगभरात त्यावर भरपूर डोकं लढवलं गेलंय. युरोपातल्या आणि इतर देशांतल्या शाळकरी मुलांचा एक मोठा सर्व्हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं १९८० च्या दशकापासून चालू आहे. त्यात नाश्त्याचा प्रश्न फार विचार करून लिहिलाय. एक ग्लास दूध किंवा फळांचा रस यापेक्षा जास्त काही खाल्लं असेल, तरच तो नाश्ता. शिवाय शाळेचे दिवस वेगळे विचारायचे आणि सुट्टीचे वेगळे. तेरा-चौदा वर्षांची मुलं शाळेच्या दिवशी घाईत नाश्ता बुडवतात आणि रविवारी साग्रसंगीत करतात, हे त्यांना माहीत होतं.

मला हा प्रश्न एकदम पटला. मी तो मराठीत आणला, टोस्ट आणि सीरिअल काढून पोहे-उपमा घातला, ज्यूस काढून चहा घातला आणि झाला आपला फॉर्म तयार! ‘तुम्ही सकाळचा नाश्ता करता का?’ त्याखाली चौकटी : दररोज, आठवड्यातून ४-५ वेळा, १-३ वेळा, कधीच नाही.

आता फॉर्म ‘विश्वासार्ह’ आहे की नाही, हे तपासायचं. आमच्या लाइनमध्ये त्याचा साधा फंडा आहे. तोच फॉर्म त्याच मुलांना दोन आठवड्यांनी पुन्हा द्यायचा आणि उत्तरं किती जुळतात ते बघायचं. चार चौकटींपैकी कुठेही डोळे मिटून टिक केलं तरी काही उत्तरं योगायोगानं जुळणारच, म्हणून तो योगायोगाचा भाग वजा करायचा. त्यासाठी जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये एक आकडा सुचवला, त्याला कप्पा म्हणतात. शून्य म्हणजे निव्वळ योगायोग आणि एक म्हणजे तंतोतंत जुळणी. साधारण ०.६ च्या वर गेला की आमच्यासारखे लोक खूश होतात.

आमचा वर गेला. आम्ही खूश झालो.

फक्त एका गोष्टीनं मला कोड्यात टाकलं. मंचरच्या बाजूच्या बागायती गावातल्या शाळेत बऱ्याच मुलांनी ‘कधीच नाही’वर टिक केली होती. घरी ट्रॅक्टर, दारात दोन म्हशी आणि पोरं सकाळी उपाशी? याउलट जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाकडच्या डोंगराळ भागातल्या शाळेत ‘दररोज’ची रांग लागलेली. तिथली घरं मी पाहिली होती. आकडे जुळत होते, पण माझ्या डोळ्यांना पटत नव्हते.

मंचरकडचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. मी एका पोराला विचारलं, ‘‘तू नाश्ता करत नाहीस?’’

‘‘नाही ताई.’’

‘‘मग शाळेत येताना काय खातोस?’’

‘‘जेवून येतो की!’’

आणि मला माझाच राग आला. अगं बाई, तू इथेच वाढलीस ना? गावाकडची शाळा साडेदहाला भरते. पोरं दहाला भाकरी-कालवण खाऊन, हात धुऊन निघतात. त्याला घरात कोणी नाश्ता म्हणत नाही, ते जेवण. नाश्ता म्हणजे पोहे. तो पाहुणे आल्यावर होतो, नाहीतर एसटी स्टँडवरच्या हॉटेलात मिळतो. शेतावर दहाच्या सुमाराला बांधावर बसून खाल्ली जाते ती न्याहारी. आणि शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी हीच जेवून येणारी पोरं चहावर निघतात. म्हणजे युरोपात आठवड्याचे दोन भाग पुरतात, आमच्याकडे तीन लागतात : साडेदहाच्या शाळेचे दिवस, शनिवार आणि रविवार. पुण्यात राहून माझ्या डोक्यातली शाळासुद्धा सकाळी सातच्या व्हॅनची झाली होती.

राहिला डोंगराकडचा ‘दररोज’. याचं उत्तर मला माहीत आहे, असं मला वाटत होतं. कारण ते माझ्या घरचं होतं.

मी पाचवीत असताना आमच्याकडे एक वाईट पावसाळा आला होता. वडिलांचं आजारपण, कणगीत तळ दिसायला लागलेला, दुकानदाराची वही भरलेली. आषाढ-श्रावणात कितीतरी सकाळी चूल उशिरा पेटायची, कधी पेटायचीच नाही. आई वेणी घालताना बजावायची, ‘‘कोणी विचारलं तर जेवले म्हणायचं. पिठलं-भाकरी खाल्ली म्हणायचं.’’ वर्गात बाई खरंच विचारायच्या, ‘‘जेवून आलीस ना गं?’’ त्या प्रेमानं विचारत. मी तितक्याच प्रेमानं सांगायची, ‘‘हो बाई, पिठलं-भाकरी.’’ रोज एकच उत्तर. दोन आठवड्यांनी विचारलं असतं तरी तेच, दोन महिन्यांनी विचारलं असतं तरी तेच. माझा कप्पा एक आला असता, पैकीच्या पैकी!

तेव्हा ‘दररोज’वाली मुलं लाजेनं खोटं सांगतायत, हा माझा निष्कर्ष तयार होता. जगात यालाही नाव आहे. समोरच्याला बरं वाटेल तेच उत्तर देण्याची माणसाची खोड. भारतात २००७ मध्ये सीबीएसई शाळांतल्या मुलांचा एक आरोग्य सर्व्हे झाला होता. त्याच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत एक थेट प्रश्न असतो, की घरात पुरेसं अन्न नव्हतं म्हणून गेल्या ३० दिवसांत किती वेळा उपाशी राहावं लागलं? प्रश्न बरोबरच आहे. पण मी पाचवीत असते, तर त्यावर काय टिक केलं असतं, हे मला माहीत आहे.

तरीही माझा अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून ठरवलं, की काही घरांत पालकांना विचारून, त्यांच्या परवानगीनं, सकाळी जाऊन बसायचं. नुसतं बघायचं. सप्टेंबरातल्या एका गुरुवारी मी त्या वाडीतल्या आशाताईंकडे मुक्कामाला गेले आणि शुक्रवारी पहाटे साडेपाचला एका घराच्या ओट्यावर जाऊन टेकले. बाहेर धुकं, खाली भातखाचरं, घरात धूर.

त्या घरातल्या मुलीनं दोन्ही वेळा ‘दररोज’वर टिक केली होती. ती सातवीत. निळ्या रिबिनी आदल्या दिवशीच्याच, वेणी न सोडता झोपलेली. चुलीपुढे बसून ती नाचणीच्या भाकरी थापत होती. आई-वडील नारायणगावकडे टोमॅटोच्या तोडणीला जायचे. जीप सहाला. एका फडक्यात तीन भाकरी आणि चटणी बांधून तिनं आईच्या हातात दिल्या. जीपचा आवाज लांब गेला. मग आजीला अर्धी भाकरी. मग धाकट्या भावाला उठवून एक भाकरी चहात चुरून दिली. उरलेली अर्धी तिनं टोपलीत झाकून ठेवली, आजीच्या दुपारसाठी. मला काळा चहा दिला, स्वतःही घेतला. बिनदुधाचा, गूळ घातलेला.

मी वाट बघत होते. ती उठली, भांडी घेऊन बाहेर गेली. मग पाणी, मग शेळी, मग भावाची आंघोळ. साडेनऊला दप्तर काखेला मारलं.

मी हळूच विचारलं, ‘‘अगं, तू काही खाल्लं नाहीस?’’

‘‘शाळेत दुपारी खिचडी असते ना, ताई.’’

‘‘पण फॉर्मवर तर तू नाश्ता दररोज करते म्हणून लिहिलंस.’’

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की ही पुण्याची बाई जरा मंदच दिसते.

‘‘मग करतेच की दररोज! आत्ता तुमच्यासमोरच केला ना. आमच्यात मीच करते.’’

मी काही बोलू शकले नाही.

‘नाश्ता करतेस का?’ आपण सगळे हेच विचारतो. मराठीत नाश्ता खातात कमी आणि करतात जास्त. ज्याच्यासमोर तयार ताटली येते, त्याच्यासाठी ‘करणं’ म्हणजे खाणं. जिच्या हाताला पीठ लागतं, तिच्यासाठी ‘करणं’ म्हणजे करणं! तिनं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. लाजून तर मुळीच लिहिलं नव्हतं, उलट जरा अभिमानानंच लिहिलं होतं. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलं तेव्हाही खरं तेच लिहिलं. चुकला होता माझा प्रश्न. आणि तो दोन्ही वेळा सारखाच चुकला, म्हणून माझा आकडा इतका देखणा आला. काटा रोज सारखंच वजन दाखवतो म्हणून तो बरोबर असतो असं थोडंच आहे! रोज पाव किलोनं चुकणारा काटाही रोज सारखंच दाखवतो.

आणखी एक गोष्ट टोचली. मी तिच्या तोंडी माझी लाज घालून मोकळी झाले होते. माझ्या पाचवीतला पावसाळा मी तिच्या फॉर्मवर वाचला. शॅम्पूच्या सर्व्हेत असं चुकलं तर एक बाटली कमी खपते. इथे चुकलं असतं, तर त्या शाळेचं नाव यादीतून कटलं असतं. ‘इथली मुलं दररोज नाश्ता करतात. पुढची शाळा.’ आणि राजगिऱ्याची चिक्की गेली असती त्या म्हशीवाल्या, जेवून येणाऱ्या पोरांकडे.

तिच्या त्या खिचडीमागे मोठा इतिहास आहे. शाळेतल्या पोषण आहाराची देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली आणि मुलांना शिजवलेलं अन्नच द्या, असा आदेश सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये दिला. पण ती खिचडी दुपारची आणि तीही आठवीपर्यंतच. निळ्या रिबिनीवाली नववीत गेली की तीही बंद. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात सकाळच्या पौष्टिक नाश्त्याची शिफारस आहे. तमिळनाडूनं सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत सकाळचा गरम नाश्ता सुरूही केला. सकाळच्या रिकाम्या पोटाचा प्रश्न कागदावर आलाय, एवढं नक्की. पण कोणाचं पोट रिकामं आहे, हे कळायला आधी नीट विचारता यायला हवं.

आणि नीट विचारता येतं! त्याचा दाखला आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या खाण्याचा अभ्यास केला. पोटात किती कॅलरी गेल्या याचा हिशेब केला, तसंच अमुक पदार्थ किती वेळा खाल्ला, हेही विचारलं. २००१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत बाळाच्या जन्मावेळच्या अंगापिंडाशी ठळक नातं दिसलं ते पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाण्यात आलं याच्याशी. साधा प्रश्न, पण घरात ओळखीच्या असलेल्या वस्तूंचा. मेथी खाल्ली का, यात गोंधळायला जागाच नाही.

त्या शुक्रवारी रात्री आशाताईंच्या घरी बसून मी फॉर्म पुन्हा लिहिला. ‘नाश्ता’ हा शब्दच काढून टाकला. (नंतर कळलं, की हा शब्द फारसीतला आणि मूळ फारसीत नाश्ता म्हणजे चक्क उपाशीपोटी! म्हणजे त्या मुलीचं उत्तर फारसीतही बरोबरच होतं.) नवा प्रश्न असा : ‘काल सकाळी उठल्यापासून शाळेची घंटा होईपर्यंत तुझ्या पोटात काय काय गेलं?’ शेजारी चित्रं. भाकरी पूर्ण, अर्धी, चतकोर. चहा दुधाचा, चहा काळा. भात, ताजा की रात्रीचा. खाल्लं ते किती वाजता. शनिवारचं वेगळं पान. ‘घरात सकाळी स्वयंपाक कोण करतं?’ हाही एक प्रश्न, म्हणजे करणारी आणि खाणारी दोन वेगळ्या चौकटींत बसतील. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर. भरताना गुरुजी वर्गाबाहेर. सगळ्यांत वर एक ओळ : ‘यात कोणतंही उत्तर चूक नाही.’ ती ओळ मी पाचवीतल्या माझ्यासाठी लिहिली, हे कबूल करते.

दुसऱ्या फेरीत आमचा कप्पा जरा घसरला. साहजिक आहे. ‘काल’ बदलतो. आठवडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी घरात काहीबाही असतं, पाऊस पडला की मजुरी बुडते. म्हणून मग एकाच मुलाला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारायचं आणि काही घरांत सकाळी जाऊन ताडून बघायचं ठरलं. वेळ लागला, संस्थेची डेडलाइन हुकली, माझे चार वीकेंड गेले. पण यादी बदलली. डोंगरातली ती शाळा वर आली.

निळ्या रिबिनीवालीचा नवा फॉर्म मी नंबरावरून ओळखला. ओळखायला नको होता, पण ओळखला. त्यावर एकच टिक होती. चहा, काळा. पुढच्या रिकाम्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘गुळाचा.’

परवा रात्री आईचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘‘जेवलीस का गं?’’ माझंही उत्तर ठरलेलं. पंचवीस वर्षांची प्रॅक्टिस आहे.

या वेळी मी म्हणाले, ‘‘नाही गं. सकाळपासून बिस्किटांवर आहे.’’

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, ‘‘पीठ आहे का घरात? मग फोन ठेव आणि दोन भाकरी थाप आधी.’’

थापल्या. वेड्यावाकड्याच झाल्या. पण खाल्ल्यासुद्धा मीच.